कोनाचा समुद्र आणि मार्लिनची गळमासेमारी

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला कोना म्हणतात. कॉफीच्या मळ्यांसाठी हा प्रदेश प्रसिद्ध आहेच. परंतु जगभरातील हौशी मासेमारांच्या दृष्टीने कोनाचे महत्त्व वेगळ्याच कारणासाठी आहे. नौका भाड्याने घेऊन, गळ आणि काठीच्या साहाय्याने, माणसाच्या पाच-सहापट वजनाचा मासा एकट्याने ओढून आणण्याचा खेळ येथे वर्षभर चालतो. हा मासा म्हणजे निळा मार्लिन. लांब, भाल्यासारखी चोच असलेल्या माशांच्या वर्गातील हा सर्वांत मोठ्या माशांपैकी एक आहे. हवाईच्या भाषेत अशा चोचवाल्या माशांना ‘आउ’ असे नाव आहे.

या खेळाला इंग्रजीतून आलेला ‘स्पोर्ट फिशिंग’ हा शब्द आता मराठीतही वापरला जातो. कोकणात गरीने मासे पकडण्याला गरवणे म्हणतात, आणि मूळ कल्पना तीच आहे. मात्र येथे गरीच्या टोकाला अर्धा टन वजनाचा मासा लागण्याची शक्यता असते, आणि त्यामुळे साधने, माणसे, खर्च व धोका यांचे सर्व प्रमाणच बदलून जाते.

खोल पाणी आणि डोंगराची सावली

कोना सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे जवळजवळ पालघरच्याच रेषेवर. पण दोन्ही किनाऱ्यांवरील समुद्रात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन उथळ असून ती सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेली आहे. पापलेट, बोंबील, कोळंबी यांची समृद्ध मासेमारी या उथळ पाण्यामुळेच शक्य होते. कोनाचे बेट मात्र समुद्रतळापासून सरळ वर आलेल्या ज्वालामुखी पर्वतांचे शिखर आहे. त्यामुळे किनारा सोडून काही किलोमीटर जाताच पाण्याची खोली दीड-दोन हजार मीटरवर पोहोचते. जगात इतरत्र ज्या माशांसाठी नौकांना कित्येक तास प्रवास करावा लागतो, ते मासे येथे बंदराच्या दृष्टिपथात सापडतात. गळ पाण्यात टाकून झाल्यावरही किनाऱ्यावरील घरे दिसत असतात.

दुसरे कारण वाऱ्याचे आहे. या अक्षांशांवर ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे बहुतेक काळ जोरदार असतात व मोकळा समुद्र खवळलेला ठेवतात. परंतु ४,२०७ मीटर उंचीचा मौना केआ, ४,१६९ मीटरचा मौना लोआ आणि २,५२१ मीटरचा हुआलालाई हे तीन पर्वत या वाऱ्यांच्या आड उभे आहेत. त्यांच्या आडोशाला कोनाचे पाणी पुष्कळदा तलावासारखे शांत असते. लहान नौकेने, नवख्या माणसानेही, येथे खोल समुद्रात जाता येते ते यामुळेच.

पर्वतांनी अडवलेला वारा बेटाला वळसा घालून उत्तरेच्या अलेनुइहाहा सामुद्रधुनीतून वेगाने बाहेर पडतो. वाऱ्याच्या या वेगवान पट्ट्यामुळे बेटाच्या आडोशाला समुद्रात मोठे भोवरे तयार होतात. त्यांपैकी काही भोवरे खालचे थंड व पोषकद्रव्यांनी युक्त पाणी वर आणतात. त्यावर सूक्ष्म जीव, त्यांवर लहान मासे, लहान माशांवर ट्युना आणि ट्युनावर मार्लिन अशी साखळी उभी राहते. अनुभवी कप्तान आज भोवरा कोठे आहे याची चौकशी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून करतात. त्यांच्या आधीच्या पिढ्या हेच काम पाण्याचा रंग आणि पक्ष्यांचे थवे पाहून करीत.

खेळाचा पूर्वेतिहास

उष्ण कटिबंधातील पॅसिफिकमध्ये मोठ्या माशांच्या मागे जाण्याची हौस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झाली. अमेरिकी कादंबरीकार झेन ग्रे यांनी १९३० मध्ये ताहिती बेटाजवळ १,०४० पौंड, म्हणजे सुमारे ४७२ किलो वजनाचा मार्लिन पकडला. काठी व रिळाने पकडलेला हजार पौंडांवरील हा पहिला मासा मानला जातो. तो नौकेवर घेण्यापूर्वी शार्क माशांनी त्याचे लचके तोडले होते, त्यामुळे आजच्या नियमांनुसार तो विक्रमासाठी ग्राह्य ठरला नसता. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशातील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी १,५६० पौंडांचा (सुमारे ७०८ किलो) काळा मार्लिन पकडला. हा विक्रम सात दशकांनंतरही अबाधित आहे. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या चित्रपटासाठी मोठ्या माशाची दृश्ये मिळावीत म्हणून १९५६ मध्ये अर्नेस्ट हेमिंग्वे याच काबो ब्लांकोला गेले होते. थंड हम्बोल्ट प्रवाह आणि विषुववृत्ताकडील उष्ण पाणी यांचा तेथे संगम होतो. तेथील तो सुवर्णकाळ मात्र फार टिकला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील केर्न्स हे गाव १९६६ मध्ये या नकाशावर आले. जॉर्ज ब्रान्सफर्ड या अमेरिकी कप्तानाच्या ‘सी बेबी’ नौकेवर त्या वर्षी १,०६४ पौंडांचा काळा मार्लिन पकडला गेला आणि ग्रेट बॅरियर रीफच्या बाह्य कडेला सप्टेंबर ते डिसेंबर या काळात जगभरचे हौशी मासेमार जमू लागले. पनामाच्या पिन्यास उपसागरात, तसेच मेक्सिकोत काबो सान लुकास येथेही अशीच केंद्रे उभी राहिली. मेक्सिकोने किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपर्यंत मार्लिन, सेलफिश यांसारखे मासे केवळ हौशी मासेमारीसाठी राखून ठेवले आहेत. एका माशाभोवती किती मोठा पर्यटन व्यवसाय उभा राहू शकतो, हे या एका तरतुदीवरून कळते.

हवाईतील नोंदी या सर्वांत विलक्षण आहेत. जॉर्ज पार्कर यांनी १९५४ मध्ये हवाईच्या पाण्यात १,००२ पौंडांचा निळा मार्लिन पकडला. त्या जातीचा हजार पौंडांचा टप्पा ओलांडणारा हा पहिला अधिकृत मासा होता. पुढे ३१ मे १९८२ रोजी कोनाजवळील काआइवी पॉइंट येथे जे डी बोबियन यांनी १,३७६ पौंडांचा, म्हणजे सुमारे ६२४ किलोचा मार्लिन पकडला. पॅसिफिकमधील निळ्या मार्लिनचा जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद आहे.

याहून मोठा मासा १९७० मध्येच होनोलुलूहून निघालेल्या ‘कोरीन सी’ या चार्टर नौकेवर आला होता. कॉर्नेलियस चॉय हे तिचे कप्तान होते. १,८०५ पौंडांचा, सुमारे ८१९ किलोचा हा मासा ‘चॉयचा राक्षस’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या पोटात दीडशे पौंडांहून जड असा आख्खा पिवळ्या पराचा ट्युना निघाला. तरीही विक्रमांच्या अधिकृत यादीत या माशाला स्थान नाही, कारण त्याला ओढताना एकाहून अधिक माणसांनी काठी हाताळली होती.

नियम कोण ठरवते

हे नियम आंतरराष्ट्रीय क्रीडा मासेमारी संघटनेचे आहेत. या संघटनेची स्थापना १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयात झाली. तीत मायकेल लर्नर यांचा पुढाकार होता. मासा गळाला लागल्यापासून तो नौकेजवळ येईपर्यंत काठी, रीळ व दोर यांना केवळ एकाच व्यक्तीने हात लावावा, हा या नियमांचा गाभा आहे. खलाशाला शेवटचा जाड दोर, म्हणजे लीडर, धरता येतो आणि आकडी वापरून मासा वर घेता येतो. पण काठीला बोट लावले तरी विक्रम बाद होतो. दोर किती वजन पेलू शकतो त्यानुसार वेगवेगळ्या श्रेणींत विक्रम नोंदवले जातात आणि १३० पौंडी दोर ही सर्वांत वरची श्रेणी आहे. शार्कने किंवा नौकेच्या पंख्याने जखमी केलेला मासा ग्राह्य धरला जात नाही. झेन ग्रे आणि चॉय या दोघांचे मासे याच दोन कलमांत अडकतात.

समुद्रावरचा दिवस

कोनाच्या बहुतेक चार्टर नौका कैलुआ गावाच्या उत्तरेस असलेल्या होनोकोहाऊ बंदरातून निघतात. लाव्हाच्या खडकात खोदलेले हे बंदर १९७० मध्ये सुरू झाले. नौका साधारणतः ३० ते ५० फूट लांबीच्या असतात. प्रत्येक नौकेवर एक कप्तान, आपल्याकडचा तांडेल, आणि एक खलाशी असतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या ज्या परवान्यावर बहुतांश लहान नौका चालतात, त्यानुसार सहापेक्षा जास्त प्रवासी घेता येत नाहीत. सफर चार तासांची, सहा तासांची किंवा पूर्ण दिवसाची असते. संपूर्ण नौका एका गटाने घेता येते. काही नौकांवर अनोळखी प्रवाशांनी मिळून भाडे वाटून घेण्याचीही सोय असते. तशा सफरीत गळ कोणी कधी धरायचा याची पाळी निघण्यापूर्वीच ठरवलेली बरी. दिवसभरात एकच मासा लागण्याची, किंवा एकही न लागण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या एका माशावरून मित्रांमध्ये वाद झाल्याच्या कथा प्रत्येक बंदरात ऐकायला मिळतात.

सकाळी सहा-सात वाजता नौका निघते आणि अर्ध्या तासात गळ पाण्यात जातात. नौका ताशी सात ते नऊ सागरी मैलांच्या वेगाने चालत राहते व मागे चार-पाच दोर वेगवेगळ्या अंतरांवर सोडलेले असतात. दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले लांब बांबूसारखे दांडे दोर एकमेकांत गुंतू देत नाहीत. दोराच्या टोकाला बहुधा जिवंत आमिष नसते. राळेचे चकचकीत डोके आणि रबरी झालर असलेले कृत्रिम आमिष असते. पाण्याच्या पृष्ठभागावर ते धूर सोडत पळणाऱ्या माशासारखे दिसते. या आमिषाचे आजचे रूप कोनातच घडले. जॉर्ज पार्कर यांनी सुरुवातीची आमिषे टॉवेल अडकवण्याच्या धातूच्या नळीपासून केली, असे सांगितले जाते. तर हेन्री ची या कप्तानांनी दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यात पारदर्शक राळ ओतून डोकी घडवली. आज जगातील बहुतेक मार्लिन बंदरांत वापरली जाणारी आमिषे या घरगुती प्रयोगांची वंशज आहेत.

काही कप्तान मात्र जिवंत आमिष पसंत करतात. हवाई राज्याने १९८० पासून बेटांभोवती खोल समुद्रात तरंगते बोये नांगरून ठेवले आहेत. त्यांच्या सावलीला लहान मासे जमतात. तेथे प्रथम एक लहान ट्युना पकडायचा, त्याच्या डोक्यावरून दोऱ्याने गळ बांधायचा आणि त्याला हळूहळू ओढत न्यायचे, अशी ही रीत आहे.

मार्लिन आमिषावर आला की रिळाची कर्कश घरघर सुरू होते आणि काही सेकंदांत शेकडो मीटर दोर बाहेर जातो. खलाशी बाकीचे सर्व दोर ओढून घेतो. ज्याची पाळी असेल तो नौकेच्या मागच्या भागातील फिरत्या खुर्चीत बसतो. ही खुर्ची जमिनीला घट्ट रोवलेली असते. काठीचा बुंधा तिच्यातील खोबणीत बसतो आणि कमरेच्या पट्ट्याने काठी व माणूस जोडले जातात. दंडाच्या ताकदीपेक्षा येथे पाय व पाठ यांचे काम अधिक असते. कप्तान नौका उलटी, माशाच्या दिशेने चालवीत राहतो. पुष्कळदा मासा पकडण्याचे अर्धे श्रेय या नौका चालवण्याच्या कौशल्याला द्यावे लागते, जरी छायाचित्रात खुर्चीतला माणूसच पुढे असतो. झुंज अर्ध्या तासात संपू शकते किंवा अनेक तास चालू शकते.

खरा धोका शेवटच्या काही मीटरमध्ये असतो. खलाशी जाड हातमोजे घालून लीडर हाताभोवती गुंडाळतो व मासा जवळ आणतो. त्या क्षणी मासा उसळला, तर दोराच्या फासात अडकलेला खलाशी पाण्यात ओढला जाण्याची भीती असते. म्हणूनच दोर क्षणात सोडता येईल अशा रीतीने गुंडाळण्याचे शिक्षण त्याला घ्यावे लागते. चोचीची भीती वेगळीच. २०१५ मध्ये याच होनोकोहाऊ बंदरात शिरलेला एक तलवार मासा भाल्याने मारण्याचा प्रयत्न करताना एका चार्टर नौकेच्या कप्तानाचा मृत्यू झाला होता.

मार्लिन न मिळाल्यास दिवस रिकामा जातोच असे नाही. कोकणात कुपा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्युनाचा पिवळ्या पराचा भाऊबंद येथे ‘आही’ म्हणून प्रिय आहे. ‘ओनो’ हा लांबट, धारदार दातांचा मासा सुरमईच्याच कुळातला. सोनेरी-हिरव्या रंगाचा ‘माही-माही’ पाण्याबाहेर काढताच काही मिनिटांत रंग गमावतो. निळ्या मार्लिनचा खरा हंगाम उन्हाळ्याचा, विशेषतः जुलै व ऑगस्टचा असला, तरी कोनात मोठे मासे वर्षाच्या इतर महिन्यांतही पकडले गेले आहेत. हिवाळ्यात व वसंतात पट्टेरी मार्लिन आणि आखूड चोचीचा स्पिअरफिश अधिक मिळतो.

नौकेवर केळी नेऊ नयेत असा या धंद्यात पक्का समज आहे. केळ्यांनी मासा लागत नाही म्हणतात. प्रत्येक शुभकार्यात केळीचे खुंट उभे करणाऱ्या वाचकाला हे विचित्र वाटेल; पण कोनाचा कप्तान प्रवाशाच्या डब्यातील केळी खरोखरच किनाऱ्यावर ठेवायला लावू शकतो.

मासा कोणाचा

कोनाला प्रथमच जाणाऱ्या प्रवाशाला सर्वांत अनपेक्षित वाटणारी गोष्ट म्हणजे, पकडलेला मासा त्याचा नसतो. हवाईतील जुन्या रिवाजानुसार मासा नौकेचा मानला जातो. कप्तान आणि खलाशी मासा विकतात व त्या पैशातून इंधनाचा व मजुरीचा काही भाग निघतो. प्रवाशाला जेवणापुरते तुकडे दिले जातात. याच कारणाने राज्याच्या कायद्यानुसार चार्टर मासेमारी ही व्यावसायिक मासेमारी समजली जाते. कप्तानांना तसा परवाना घ्यावा लागतो आणि पकडलेल्या माशांचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. हजारो रुपयांच्या हिशेबात भाडे भरूनही मासा घरी नेता येत नाही, ही तक्रार पर्यटकांकडून नेहमी होते. उलट बाजूने, भाडे कमी ठेवण्यास हीच विक्री उपयोगी पडते, असे नौकामालकांचे म्हणणे असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. प्रत्येक नौकेचे धोरण वेगळे असल्याने ही गोष्ट आरक्षण करतानाच विचारून घेणे श्रेयस्कर. खलाशाचे उत्पन्न बक्षिसीवर फार अवलंबून असते व भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याची प्रथा आहे. मासा मिळो वा न मिळो.

मार्लिन विकण्याची ही मुभा अमेरिकेत इतरत्र नाही. २०१२ च्या कायद्याने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मार्लिन, सेलफिश यांसारख्या माशांच्या विक्रीवर बंदी घातली. तलवार मासा मात्र तीतून वगळला. हवाई व पॅसिफिकमधील अमेरिकी बेटांना, तेथील खाद्यपरंपरा लक्षात घेऊन, सूट देण्यात आली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर बेटांवर पकडलेला मार्लिन बेटांवरच विकावा लागतो. तो मुख्य भूमीवर पाठवता येत नाही. हवाईत धुरावलेला मार्लिन हा सर्वसामान्यांच्या आवडीचा पदार्थ आहे, हे या तरतुदीमागे आहे. ऑस्ट्रेलियाने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे १९९८ पासून व्यावसायिक नौकांना काळा व निळा मार्लिन ठेवता येत नाही.

सोडून देण्याचा प्रश्न

मासा मारावा की चिठ्ठी लावून सोडावा, हा कोनातील सध्याचा सर्वांत जिव्हाळ्याचा वाद आहे. या वादाला शरीरशास्त्राची एक बाजू आहे. निळ्या मार्लिनचे नर क्वचितच १६० किलोच्या पुढे वाढतात. हजार पौंडांचा प्रत्येक मासा ही मादीच असते. विक्रमाच्या मागे लागलेला मासेमार नेमका अंड्यांनी भरलेल्या, सर्वांत जास्त वयाच्या माद्यांच्या मागे लागलेला असतो, आणि उन्हाळा हा त्यांचा प्रजननकाळही आहे.

१९५९ मध्ये पीटर फिथियन यांनी सुरू केलेल्या हवाई आंतरराष्ट्रीय बिलफिश स्पर्धेच्या आरंभीच्या वर्षांत कैलुआच्या धक्क्यावर टांगलेले मासे आणि त्यांच्याभोवतीची गर्दी हेच मुख्य आकर्षण होते. पुढे नियम बदलत गेले. ठरावीक वजनाखालील मासा आणल्यास लाभ नाही आणि चिठ्ठी लावून सोडल्यास गुण, अशी पद्धत रुजली आणि या स्पर्धेत आज बहुसंख्य मासे सोडले जातात. २००९ मध्ये, स्पर्धेच्या पन्नासाव्या वर्षी, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बार्बरा ब्लॉक यांच्या चमूसह एक नवा उपक्रम सुरू झाला. मासेमारांच्या पैशातून उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे माशांना लावायची आणि काही महिन्यांनी कोणता मासा सर्वांत दूर गेला ते पाहायचे. कोनात सोडलेले काही मार्लिन विषुववृत्त ओलांडून मार्केसस बेटांच्या दिशेने गेल्याचे त्यातून दिसले. म्हणजे कोनाचा मासा हा केवळ कोनाचा नाही. त्याचे भवितव्य अनेक देशांच्या पाण्यात ठरते. याच ब्लॉक यांनी पूर्वी दाखवून दिले होते की, चोचवाल्या माशांत डोळ्याच्या एका स्नायूचे रूपांतर मेंदू व डोळे उबदार ठेवणाऱ्या इंद्रियात झालेले असते. थंड, खोल पाण्यात बुडी मारूनही भक्ष्य पाहता येते ते त्यामुळे.

सोडलेला मासा जगतो का, हा पुढचा प्रश्न. अटलांटिकमधील पांढऱ्या मार्लिनवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या ‘जे’ आकाराच्या गळाने, नैसर्गिक आमिषावर पकडून सोडलेल्या माशांपैकी सुमारे ३५ टक्के मासे दगावल्याचे आढळले. गोल वळणाच्या गळाने पकडलेले सर्व मासे मात्र जगले. गोल गळ पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, हे त्यामागचे कारण. परंतु कोनात कृत्रिम आमिष वेगाने ओढले जाते. मासा ते गिळत नाही आणि गळ बहुधा तोंडातच लागतो. त्यामुळे तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही. जिवंत आमिष वापरणाऱ्या नौकांना मात्र तो पूर्णपणे लागू पडतो आणि गोल गळाचा वापर त्यांच्यात वाढला आहे. कित्येक तास झुंजून थकलेला मासा सोडणे हा केवळ उपचार ठरू शकतो. म्हणून जाड दोर वापरून झुंज लवकर संपवणे माशाच्या हिताचे असते. हलक्या दोराच्या विक्रमांची हौस येथे संवर्धनाच्या विरोधात जाते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

अर्थात एकूण मार्लिनच्या मृत्यूत चार्टर नौकांचा वाटा लहान आहे. पॅसिफिकमध्ये ट्युनासाठी कित्येक किलोमीटर लांबीचे, हजारो गळांचे दोर सोडले जातात आणि त्यांत मार्लिन आपोआप अडकतो. हवाईच्या मुख्य बेटांभोवती ५० ते ७५ सागरी मैलांच्या पट्ट्यात अशा नौकांना १९९० च्या दशकाच्या आरंभीपासून बंदी आहे. स्थानिक लहान मासेमार आणि त्यांच्यातील संघर्षातून ती आली. शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या आढाव्यानुसार पॅसिफिकमधील निळ्या मार्लिनचा साठा अतिमासेमारीने घटलेला नाही, परंतु उत्तर पॅसिफिकच्या पश्चिम व मध्य भागातील पट्टेरी मार्लिनची स्थिती चिंताजनक आहे. जागतिक संवर्धन संघाच्या यादीत निळा मार्लिन असुरक्षित प्रजातींत गणला जातो. या दोन निष्कर्षांत विसंगती भासते. मात्र एक केवळ पॅसिफिकचा साठा पाहतो, तर दुसरा अटलांटिकसह सर्व महासागरांतील घट विचारात घेतो.

मर्यादा घालण्याची कल्पना हवाईला नवी नाही. युरोपीय लोक येण्यापूर्वी तेथे ‘कापू’ नावाची निर्बंधांची व्यवस्था होती. तिच्यानुसार ‘आकू’ हा लहान ट्युना आणि ‘ओपेलू’ हा बांगड्यासारखा मासा आळीपाळीने वर्ज्य असत. एकाचा हंगाम चालू असताना दुसऱ्याला हात लावणाऱ्यास कठोर शिक्षा होई. कोनाच्या दक्षिणेस मिलोलीईसारख्या गावांत ओपेलूला आधी खाऊ घालून मग जाळ्यात घेण्याची जुनी पद्धत अजूनही माहीत असलेली कुटुंबे आहेत. नव्या कायद्यांतही ही धारणा डोकावते. १ जानेवारी २०२२ पासून हवाई राज्याच्या पाण्यात शार्क जाणूनबुजून पकडण्यास वा मारण्यास मनाई आहे. हवाईच्या अनेक कुटुंबांत शार्क हा पूर्वजरूप रक्षक मानला जातो.

कोनाला जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही व्यावहारिक बाबी ध्यानात ठेवाव्यात. स्पर्धांचा काळ जुलै-ऑगस्टचा असल्याने त्या आठवड्यांत चांगल्या नौका बऱ्याच आधी आरक्षित होतात. समुद्र शांत असला तरी ज्यांना बोट लागते त्यांनी औषध आदल्या रात्रीच घ्यावे. किनारा सोडल्यावर ते घेऊन उपयोग होत नाही. मासा सोडायचा की ठेवायचा, ठेवल्यास तो कोणाचा, आणि नौकेवर गोल गळ वापरतात की नाही, हे तीन प्रश्न कप्तानाला बंदरातच विचारावेत. गळाला मासा लागल्यावर या चर्चेसाठी कोणालाच सवड नसते.